बिनधुतला सोळा

तक्त्यावर नाकासमोर गुलाब काढलाय.
मी विचारलं, कशाचा वास येतो?
भीमराज म्हणाला, मिरचीचा.
खिडकी उघडी होती, वारा मसाला मार्केटकडून,
अख्खी अंगणवाडी शिंकत बसली.

मग गुलाबावर कोरा कागद डकवला
आणि विचारलं, घरचे जवळ घेतात तेव्हा?
अर्शदच्या अब्बूंना कांद्याचा वास.
तेजलच्या आईला फिनेलचा, पण रविवारी नाही.
भीमराजचे पप्पा आल्या आल्या घेतच नाहीत जवळ,
आधी मोरीत जातात,
कोपरापर्यंत हात चोळतात, मग हाक मारतात.
म्हणजे पुढचा धडा त्याला पाठ होता
मी फळा पुसायच्या आतच.

शिवलीला काही बोलली नाही.
जूनपासून बोललेली नाही.
आई सांगते, घरी बोलते की, कानडीत. भांडतेसुद्धा.

हात धुण्याचा पाठ बुधवारी.
तुर्भे स्टोअरला नळ सहाला येतो, सातला जातो,
आम्ही भरतो दहाला.
पिंपातलं पाणी खिचडीचं,
त्यावर हिराबाईंची नजर.
म्हणून आम्ही कोरडेच धुतो:
तळव्यावर तळवा, बोटांच्या बेचक्या,
अंगठा मुठीत, नखं तळव्यावर गोल गोल,
वीसपर्यंत मोजत.
तेरा, चौदा, पंधरा, सतरा, वीस!
सोळा रोज बिनधुतला राहतो.
जेवायच्या आधी मात्र एकेक पेला खरं पाणी,
तेव्हा कुणीच मोजत नाही,
सगळे नुसते बघत राहतात
काळं पाणी गटाराकडे कसं पळतं ते.

कान मला त्यांनी शिकवले.
टेम्पो मागे येताना जी किणकिणी धून वाजते ना,
ती ऐकली की पाठ भिंतीला.
पहिल्याच आठवड्यात तेजलने माझी ओढणी खेचली,
बाई, भिंत! भिंत!

पुस्तिकेत लिहिलंय,
अनोळखी माणसाशी बोलू नये.
इथे अनोळखी कोण?
टँकरवरचा दादा, हमाल मामा,
दाढीवाले, तंबाखूवाले, सगळे काका.
मी पुस्तिका मिटली.
म्हटलं, अंग तुमचं आहे.
नको वाटलं तर नको म्हणायचं,
काका असो, मामा असो, कुणी असो.
आणि घरी येऊन सांगायचं. म्हणा बघू.
एकतीस नको एकदम. पत्रे थरथरले.
हिराबाई पळी घेऊन धावत आल्या,
काय नको? मीठ?

तीस असतील. शिवलीलाचं तोंड उघडलं होतं फक्त.

गुरुवारी चार कागदी थाळ्या मांडल्या,
हसरी, रडकी, रागावलेली, घाबरलेली.
आज कसं वाटतंय, त्यात चवळी टाका.
अर्शदने चारींत टाकली.
शिवलीलाने चवळी मुठीत धरली
ती सुटेपर्यंत धरली
आणि घरी घेऊन गेली.

शुक्रवारी वजनं.
मागे रांग, फोनची बॅटरी नऊ टक्के,
फोटो चढत नव्हते.
मी घाईत मागून तिच्या काखेत हात घातले,
काट्यावर ठेवायला उचललं, आणि

ब्याड!

इतका मोठा आवाज
एवढ्याशा बरगड्यांत कुठे होता?
मला कानडी येत नाही.
तरी माझे हात आपोआप सुटले,
हातांना कळलं आधी.

मी खाली बसले, तिच्या उंचीएवढी.
चुकलं माझं, म्हटलं. उचलू का?
मान हलली, नाही.
बराच वेळ माझ्याकडे बघितलं.
मग स्वतःच चढली काट्यावर,
पायात चप्पल तशीच.
साडेबारा किलो, मी लिहिलं,
चप्पल धरून.
शेरा नावाचा रकाना बोटभर रुंद असतो.
तो रिकामा सोडला.

कोपरखैरण्याला माझ्या नळाला रात्रीही पाणी असतं.
स्वयंपाकाआधी हात धुतले,
बेचक्या, अंगठे, नखं,
तोंडाने मोजत,
चौदा, पंधरा, सतरा